बर्फावर : एक

१

आमच्या गावचं तळं वर्षातून जेमतेम आठ-दहा दिवस गोठतं, कधी तेवढंही नाही. उरलेलं वर्षभर स्केटिंग क्लबाची म्हातारी मंडळी त्या दहा दिवसांबद्दल बैठका घेतात. कार्यकारिणीत मी सगळ्यांत लहान, चोवीस वर्षांची, आणि एकटी बाई. आधी माझ्याकडे कॉफीचं काम देत होते. ते मी नाकारलं आणि वेबसाइट घेतली.

वेबसाइटचं मुख्य काम एकच. पानाच्या वर मोठ्या अक्षरांत ‘बर्फावर’ असं लिहिलेलं असतं आणि पुढे आकडा. तळ्यावर उतरताना धक्क्यावरच्या खोपटाच्या भिंतीवर जे यंत्र आहे त्याला आपलं कार्ड टेकवायचं, की आकडा एकाने वाढतो. परत आल्यावर पुन्हा टेकवायचं, की कमी होतो. तळ्यात सरळ रेषेत चार खांब आहेत, पहिला धक्क्याजवळ, चौथा पल्याडच्या पंपघरापाशी. त्यांच्यावरही एकेक यंत्र. जाता-येता तिथे कार्ड टेकवलं की कोण कुठवर पोचलंय ते कळतं.

पूर्वी यासाठी लाकडी फळी होती, खिळ्यांवर पितळी बिल्ले अडकवलेले. उतरताना आपला बिल्ला काढून न्यायचा, परत आल्यावर खिळ्याला लावायचा. लोक बिल्ला खिशात घालून घरी जायचे आणि इथे सगळे कंदील घेऊन त्यांना शोधायचे. दोन वर्षांपूर्वीच्या सभेत मी तासभर भांडले. अध्यक्ष ऊड्सचं म्हणणं होतं की त्याच्या साठ गाई त्याला चेहऱ्याने ओळखता येतात, मग दोनशे माणसं का नाही. मी म्हटलं, गाई स्केटिंग करत नाहीत. माझ्या बाजूने हात वर करणारा म्हातारा एकच निघाला, आमचे बर्फमास्तर चिब्बे.

बर्फमास्तर म्हणजे बर्फाची जाडी मोजणारा, झेंडा चढवणारा आणि उतरवणारा माणूस. शेवटचा माणूस परत आल्याशिवाय तो घरी जात नाही. कुणी मागे राहिलं तर आणायलाही तोच जातो. चिब्बे एकाहत्तर वर्षांचे आहेत. सगळं गाव त्यांना ओमके म्हणतं, म्हणजे काका. माझे ते कुणी लागत नाहीत. माझं तसं गावात आता कुणीच नाही. वर्गातली सगळी शहरात गेली, आणि मी जुन्या शाळेच्या वरच्या खोलीत राहते.

त्या हिवाळ्यात बर्फ नऊ दिवस टिकला. दहाव्या दिवशी, रविवारी, दुपारी वारा नैर्ऋत्येचा झाला आणि तळ्यावर धुकं उतरलं. ओमकेंनी एक वाजता झेंडा उतरवला, म्हणजे तळं बंद. दोनपर्यंत सगळे परत आले. मी स्वतः घसरगाडी ओढत चारही खांबांपर्यंत गेले, यंत्रं काढली, त्यांच्या बॅटऱ्या काढल्या आणि सगळं एका खोक्यात भरून खोपटात आणून ठेवलं. येताना पायाखालचा बर्फ पावासारखा मऊ लागत होता.

तीन वाजता सूपाचं पातेलं घासून झालं. पान बंद करायचं म्हणून मी लॅपटॉप उघडला.

बर्फावर : १.

२

मी पान पुन्हा उघडलं. कॅशे साफ केली, म्हणजे ब्राउझरने साठवून ठेवलेलं शिळं पान फेकून दिलं. फोनवर पाहिलं. ऊड्सच्या फोनवर पाहिलं. एक.

“कोण आहे तो?” ऊड्सने विचारलं.

“नाव दिसत नाहीये.”

“नाव नाही. बरं. आमच्या फळीवर बिल्ल्याला निदान नंबर असायचा.”

“तुमच्या फळीवर तुमच्या बायकोचा खिळा हिवाळा संपला तरी रिकामाच होता, ऊड्स. ती मे महिन्यापर्यंत बर्फावर होती.”

ओमके शेगडीपाशी बसून मोजे वाळवत होते. ते हसले नाहीत. उठून रस्त्याकडच्या दारातून बाहेर गेले आणि परत आले. “सायकली तीनच आहेत,” ते म्हणाले. “आपल्या. गाडी एकही नाही.”

“म्हणजे कुणी नाही,” मी म्हटलं. “बिघाड आहे.”

बिघाड कशाचा ते मला माहीत होतं आणि सांगायची लाज वाटत होती. आमची वेबसाइट एकसंध नाही. तिचा सांगाडा एकाने लिहिलेला, दर्शनी रूप म्हणजे थीम दुसऱ्याने आणि आत बसवलेले तयार सुटे भाग, ज्यांना प्लगिन म्हणतात, ते आणखी कुणाकुणाचे. हवामान दाखवणारा एक, फोटोंचा एक, नावांचा एक, मोजणीचा एक. एकमेकांना न भेटलेल्या माणसांनी लिहिलेले हे भाग एका बाकावर बसवलेल्या भांडखोर पोरांसारखे असतात. एकाला नवीन काही दिलं की दुसरा रुसतो. आणि मी आदल्या दिवशी, ऐन गर्दीत, त्यातले तीन नव्या आवृत्तीवर नेले होते. असं गर्दीच्या दिवशी करायचं नसतं हे मी दुसऱ्यांना शिकवते.

“अग्निशमनवाल्यांना कळवू या,” ऊड्स म्हणाला आणि त्याने फोन लावला. पलीकडच्या माणसाने विचारलं, कोण हरवलंय. ऊड्स म्हणाला, माहीत नाही. कुणी तक्रार केली आहे का? नाही. मग तुम्हाला कसं कळलं? ऊड्सने माझ्याकडे बघत सांगितलं, “आमच्या बाईसाहेबांच्या पानावर शून्याच्या जागी एक दिसतोय.” नाव कळलं की पुन्हा फोन करा, पलीकडचा माणूस म्हणाला.

“पुसून टाक ना,” ऊड्सने फोन खिशात टाकला. “एक खोडायचा, शून्य लिहायचं. दोन मिनिटांचं काम.”

“हाताने आकडा बदलायचा नाही. ठरलंय.”

“कुणी ठरवलं?”

“मी.” खरंच मीच ठरवलं होतं. गेल्या हिवाळ्यात ऊड्सने एका माणसाची नोंद अंदाजाने पुसली होती तेव्हा मी सगळ्यांसमोर त्याला सुनावलं होतं की तुमच्या अंदाजाखाली एखादा माणूस बुडेल.

ओमके म्हणाले, “ती बरोबर बोलतेय. आकडा म्हणजे आकडा. साडेपाचला सूर्य मावळतो. तोवर शून्य दिसलं तर ठीक. नाही दिसलं तर मी जाऊन बघून येतो.”

“ओमके, बर्फ कुजलाय. मी आत्ता चालून आलेय.”

“म्हणून तर दुसऱ्या कुणाला पाठवत नाही.”

ते हे इतकं साधेपणाने म्हणाले की मला त्यांचा राग आला. म्हाताऱ्यांचा हा एक प्रकार मला अजिबात सहन होत नाही, धोका पत्करायचा आणि तोंड असं करायचं की जणू दूध आणायला निघालेत. पण आज त्यांना तिकडे पाठवणारा आकडा माझा होता.

३

बिघाड शोधायची रीत ठरलेली आहे. एकेक प्लगिन बंद करायचं आणि दर वेळी पान बघायचं. ज्याच्या बंद होण्याने गडबड थांबते तो गुन्हेगार.

पहिल्यांदा हवामानाचं बंद केलं. आकडा एकच राहिला, पण खाली एक ओळ उघडी पडली. हवामानाच्या चौकटीने ती आजवर झाकली होती. ओळ अशी होती : शेवटचा खांब, चार. वेळ, दोन वाजून पन्नास मिनिटं.

दोन पन्नासला चौथ्या खांबाचं यंत्र माझ्या पायाशी खोक्यात होतं.

मी खोका उघडून पाहिला. चारही यंत्रं, चारही बॅटऱ्या वेगळ्या. झाकण लावलं. याला कारण असतं. यंत्राचा निरोप कधी कधी वाटेत अडकतो आणि उशिरा पोचतो, आणि पोचल्याची वेळ नोंदली जाते. सकाळचा कुणाचा तरी निरोप असेल. मी हे मोठ्याने म्हटलं. ऊड्सने मान हलवली आणि घड्याळ पाहिलं. त्याच्या गाईंची धार काढायची वेळ झाली होती.

“चिब्बे, मूर्खपणा करू नकोस,” जाताना तो म्हणाला. मग मला, “आणि तू, शहाणे, ते पुस.” त्याच्या सायकलीची साखळी रस्त्यावर खडखडत गेली आणि मग पागोळ्यांशिवाय कसलाच आवाज उरला नाही.

चार वाजता ओमके धक्क्यावर गेले. काठाचा बर्फ सुटला होता. त्यांनी धक्क्यावरून बर्फावर टाकलेली फळी ओढून घेतली आणि येऊन सांगितलं, “फळीखाली पाणी आहे. दोन हात रुंद. आता निघायचं तर शिडी घेऊन निघावं लागेल.”

मी फोटोंचं प्लगिन बंद केलं.

शेवटचा खांब, तीन. वेळ, चार वाजून सात मिनिटं.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून सात मिनिटं झाली होती.

मी हात मांडीखाली दाबून बसले. विचार केला. अडकलेले निरोप एकामागून एक सुटतायत. मी एक भाग बंद केला की वाट थोडी मोकळी होते आणि पुढचा निरोप आत येतो. सकाळी कुणीतरी चार नंबरहून तीन नंबरवर आलं असेल, मग दोनवर येईल, मग एकवर, मग परत आल्याची नोंद होईल आणि शून्य. म्हणजे मी योग्य वाटेवर आहे. सगळं बंद करत गेले की शून्य आपोआप येईल.

हे स्पष्टीकरण इतकं चांगलं होतं की मी ओमकेंना सांगितलं. ते ऐकत होते, पण त्यांचं लक्ष तळ्याकडच्या खिडकीवर होतं.

“म्हणजे येतोय तो,” ते म्हणाले.

“कुणी येत नाहीये. निरोप येतायत.”

“तेच.”

४

पावणेपाचला मी थीम बदलली. आमची निळी-पांढरी थीम काढून वेबसाइटसोबत येते ती साधी लावली. रंग नाहीत, चित्रं नाहीत. दवाखान्याच्या भिंतीसारखं कोरं पान उघडलं आणि त्याच्यावर मोजणीचा अख्खा तक्ता, जो आमची थीम अर्धाच दाखवायची.

त्या दिवशीच्या दोनशे बारा नोंदी होत्या. प्रत्येकीला दोन वेळा, उतरल्याची आणि परतल्याची. मी एकेक रकाना बोटाने तपासत खाली गेले. सगळ्या पूर्ण. सगळे घरी. शेवटी दोनशे तेरावी ओळ.

परतल्याची वेळ, रिकामी. ते अपेक्षित होतं.

उतरल्याची वेळ, तीही रिकामी.

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. आमच्या तळ्याला बाकी सगळीकडून गवताचे बांध आणि खासगी कुरणं आहेत, पण तरी एखादा तिकडून उतरला असं धरू. त्याच्याकडे आमचं कार्ड असेल असंही धरू. पण आमची मोजणी उतरल्याशिवाय सुरूच होत नाही. उतरल्याची वेळ नसेल तर ओळ तयार होऊच शकत नाही, ते मीच तसं बसवलं आहे. ही नोंद इथून गेलेल्या माणसाची नव्हती. तिला निघणं नव्हतंच, फक्त येणं होतं.

शेवटचा खांब, दोन. वेळ, चार वाजून एकोणपन्नास मिनिटं. ते मी नकळत मोठ्याने वाचलं.

मागे चामड्याचा करकर आवाज झाला. ओमके बाकावर बसून स्केटचे पट्टे आवळत होते.

“अजून चाळीस मिनिटं आहेत,” मी म्हटलं. माझा आवाज चढला.

“धुकं दाटलंय. तोवर काही दिसणार नाही.”

“ओमके, माझी चूक आहे. मी काल तीन प्लगिन बदलली. ऐन गर्दीत. ते सगळं एकमेकांत अडकलंय. तुम्ही माझ्या चुकीपायी बर्फावर जाणार आहात.”

“तू खात्रीने सांगतेस तिथे कुणी नाही?”

सभेत तासभर बोलले होते मी. पण आता कुणी नाही असं मला म्हणता येत नव्हतं, आणि कुणी आहे असं म्हणायचं तर कोण ते मला कळून घ्यायचं नव्हतं.

“हे बघ, पोरी,” ते पट्टा आवळत म्हणाले. “दोन नंबरला आहे ना तो? म्हणजे अर्ध्याहून जास्त आलाय. एकटा आलाय एवढ्या धुक्यातून. समोर जाऊन हाक मारायला कुणी नको?”

“आणि तुम्ही बुडलात तर?”

“मग तुझ्या पानावर दोन होतील,” ते म्हणाले आणि हसले. मला रडू आलं. त्यांना दिसू नये म्हणून मी पडद्यावर वाकले.

ते शिडी आणि दोर आणायला मागच्या खोलीत गेले.

५

मी उरलेली सगळी प्लगिन एकदम बंद केली. मोजणीचंसुद्धा. नियमाने आता आकडा दिसायलाच नको होता, कारण आकडा दाखवणारा भागच बंद होता.

पान आलं. कोरं, पांढरं. वर मधोमध : १.

खाली : एक नंबर. वेळ नव्हती. वेळेच्या जागी काही नव्हतं.

एक नंबरचा खांब धक्क्यापासून चाळीस पावलांवर आहे.

मागच्या खोलीत शिडी भिंतीवरून काढल्याचा आवाज आला. आणि दुसऱ्या बाजूने, तळ्याकडून, दुसरा आवाज. तो आवाज इथे लहान पोरंही ओळखतात. स्केटचं पातं ओल्या बर्फावरून लांब घासत जातं, मग थोडी शांतता, मग दुसरा पाय. घाईत नसलेल्या माणसाची ती चाल होती. बराच वेळ चालून आलेल्या आणि आता जवळ पोचलोय हे ठाऊक असलेल्या माणसाची.

मला वाटलं होतं की असं काही ऐकलं तर मी किंचाळेन. पण मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगते. मला त्याची दया आली. कुठूनही न निघालेला, नाव नसलेला, आणि उजेड दिसतोय म्हणून इकडे येणारा. मग मागच्या खोलीतून शिडी दाराच्या चौकटीला आपटली आणि मला डोळ्यांसमोर ओमके दिसले. दार उघडून, हात पुढे करून, हाक मारणारे.

आधी उघडून ठेवलेल्या तक्त्यात जाऊन मी दोनशे तेरावी ओळ निवडली. ‘ही नोंद कायमची काढायची?’ असं पडद्याने विचारलं. मी हो म्हटलं.

बर्फावर : ०.

पात्याचा आवाज थांबला. दूर जाऊन विरला नाही, मधल्या एका घासण्यात अर्धा तुटला.

खिडकी माझ्या उजव्या हाताला होती. बघायचं नाही असं ठरवून मी बघितलं. धक्क्याच्या टोकाशी, जिथून ओमकेंनी फळी ओढून घेतली होती, त्या जागी कुणीतरी उभं होतं. किंचित वाकून, एक हात पाठीवर, आम्ही सगळे स्केटवर उभे राहतो तसं. त्याच्या पायाखाली ते दोन हात काळं पाणी होतं आणि ते हलत नव्हतं. दुसरा हात त्याने पुढे केला होता. तळव्यात काहीतरी चपटं धरलं होतं. कार्ड टेकवायला करतात तसा हात.

मी खिडकीचा पडदा ओढला.

“काय झालं?” ओमके शिडी घेऊन दारात उभे होते.

“शून्य.” मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. “निघालं. प्लगिनचंच भांडण होतं.”

त्यांनी चष्मा लावून आकडा नीट पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं, तसंच नीट. हिवाळ्याच्या शेवटी तळ्याकडचं दार लावण्याआधी बर्फमास्तर एक प्रश्न विचारतो आणि नोंदी ठेवणाऱ्याने त्याला उत्तर द्यायचं असतं. तो त्यांनी शिडी टेकवून, सरळ उभं राहून विचारला.

“सगळे आले?”

“आले,” मी म्हणाले.

ते दारापाशी गेले आणि कडी घातली. वरची, मग खालची. बाकावर बसून स्केट सोडायला लागले. सोडलेला पट्टा त्यांनी चुकून पुन्हा आवळला. ते किती घाबरले होते ते मला तेव्हा दिसलं. मी पातेली कपाटात ठेवायला घेतली.

तेवढ्यात बाहेरच्या भिंतीवरचं यंत्र वाजलं. नोंद नसलेलं कार्ड टेकवलं की ते खालच्या पट्टीत दोनदा वाजतं.

ओमकेंनी मान वर केली.

मी हातातलं पातेलं फरशीवर टाकलं. मग दुसरं. मोठ्याने हसले, माफी मागितली, आणि ऊड्सबद्दल, त्याच्या गाईंबद्दल, उद्याच्या पावसाबद्दल, तोंडाला येईल ते बोलत सुटले. ओमके स्केट हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांना उठून दारापर्यंत जाऊ देणार नव्हते, मग रात्रभर बोलावं लागलं तरी. फक्त श्वास घ्यायला मधेमधे थांबावं लागत होतं, आणि मी थांबले की ते पुन्हा दोनदा वाजायचं, अगदी हळू, जसं आपलंच कार्ड नीट टेकलं नसेल असं समजून कुणी पुन्हा टेकवून बघतं.